कडू कंदाची खीर

नदीकाठच्या एका गावात, फार पूर्वी म्हणा नाहीतर परवा म्हणा, एक काकू राहत होती. तिचं खरं नाव चांगलं होतं, पण गावात सगळे तिला चाळणकाकू म्हणत. ती पीठ चाळायची, मीठ चाळायची, आणि माणसं तर त्याच्याही आधी चाळायची. गवळी हसून दूध घालून गेला, की आज हा का हसला म्हणून ती दूध हुंगून बघायची. आणि गवळी हसला नाही, तर ते दूध मांजरालासुद्धा द्यायची नाही.

संशय आला म्हणून तिने कधी कुणाला काही विचारलं, असं मात्र झालं नाही. विचारलं तर समोरचा खोटंच सांगणार, हे तिचं ठाम मत होतं. ती नुसती बघायची, हुंगायची आणि मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी व्हायची.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, तिच्या हाताला चव होती. तिच्या घरची एक रीतही होती, आणि ती रीत ती प्राणापलीकडे जपायची. रांधणारीने पाहुण्यांच्या आधी तोंडात काही टाकायचं नाही, अगदी मिठाचा अंदाज घ्यायला बोटसुद्धा चाटायचं नाही. पाहुणे जेवून, हात धुऊन, विडा खात बसले की मग तिने आपलं पान मांडायचं. तिच्या आईने हेच केलं होतं आणि आईच्या आईनेही. जगात याहून वेगळी रीत असेल, असं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

काकूला एकुलती एक लेक होती. डोंगरावरच्या वाडीतला एक मुलगा बाजारात मध विकायला यायचा, त्याच्यावर लेकीचा जीव जडला. काकाने, म्हणजे काकूच्या नवऱ्याने, मुलाची चौकशी केली आणि त्याला मुलगा आवडला. काकूने तर दहा वेळा चौकशी केली. मुलात खोट अशी काही सापडेना, आणि तिला नेमकं हेच खटकत राहिलं.

त्या भागात लग्नाआधी दोन जेवणं व्हायची. आधी मुलीच्या घरी, मग मुलाच्या घरी. दोन्ही पंगती नीट उठल्या की लग्न ठरलं. कुणी भरल्या पानावरून उठलं, की लग्न मोडलं. मग कितीही हातापाया पडा, उपयोग नाही.

पहिली पंगत काकूकडे बसली. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी, कुरडया, वाटीभर तूप, कशात म्हणून उणं नव्हतं. डोंगरावरची माणसं पानावर बसली आणि तशीच बसून राहिली. एकाचाही हात पानाकडे जाईना. ती आपली काकूकडे बघताहेत, काकू त्यांच्याकडे बघते आहे आणि पोळ्या गार होताहेत.

"बसा की जेवायला, संकोच कसला?" काका म्हणाला.

"तुमच्या घरधनीण बाई?" मुलाच्या आईने हळूच विचारलं.

"मी मागाहून," काकू म्हणाली.

यावर त्या माणसांची आपसात काहीतरी नजरानजर झाली. मग मुलाच्या आईने डोळे मिटले, जमिनीला हात लावला आणि एक घास तोंडात घातला. तो गिळून ती क्षणभर गप्प बसली. त्यानंतर बाकीचे जेवू लागले, आणि जेवले मात्र पोटभर.

पण काकूच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. "बघितलंत?" पाहुणे गेल्यावर ती काकाला म्हणाली, "डोळे मिटून खाल्लं हो तिने! माझ्या हातची पोळी काय कडू औषध आहे? ही माणसं आपल्याला पाण्यात बघतात. माझ्या लेकीचं तिथे काय होणार, देव जाणे."

"अगं, त्यांची काही रीत असेल."

"ही असली कसली रीत!" काकू म्हणाली आणि रात्रभर कूस बदलत राहिली.

मग दुसऱ्या पंगतीचं आमंत्रण आलं. काकू, काका, लेक आणि चार जवळची माणसं डोंगर चढून वाडीवर आदल्या दिवशीच पोचली. विहीणबाईने पाय धुवायला गरम पाणी दिलं. पाणी गरम का दिलं, याचा विचार करत काकूने पाय धुतले.

संध्याकाळी अंगणात घरातल्या बायका कसलेतरी कंद चिरत बसल्या होत्या. कंद बाहेरून काळे, केसाळ आणि आतून पिवळे होते. बायका त्यांच्या पातळ चकत्या करत होत्या आणि चकार शब्दही बोलत नव्हत्या. मग त्यांनी त्या चकत्या मोठ्या हंड्यात टाकल्या आणि वर ओंजळीने चुलीतली राख घातली. होय, राख! काकूने डोळे चोळून पुन्हा बघितलं. राखच होती.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, "विहीणबाई, राख का हो घालता?" पण काकूने तोंड उघडलं नाही. तिने लेकीला बाजूला घेतलं आणि बजावलं, "उद्या मी खुणावल्याशिवाय घास घेऊ नकोस."

"आई, असं काय करतेस? इतकी चांगली माणसं आहेत."

"चांगलीच तर वागताहेत, म्हणून सांगते."

सकाळी काकू तोंड धुवायला ओढ्यावर गेली. उकडलेल्या चकत्यांची टोपली ओढ्याच्या धारेत दगडांमध्ये अडकवून ठेवली होती. तिच्यातून करडं पाणी निघून खाली वाहत होतं. थोडं वरच्या अंगाला एका दगडाला शेंदूर फासला होता. टोपलीपाशी घरातली थोरली सून हातात काठी घेऊन बसली होती. तेवढ्यात एक बकरी टोपलीला तोंड लावायला आली, तर सुनेने तिला अशी हाकलली की ती पार टेकाडापलीकडे पळाली.

बकरीला जे खाऊ देत नाहीत, ते आम्हाला वाढणार? राख, शेंदूर, राखण, आणि कालचं ते मुकं चिरणं! काकूच्या मनातला हिशोब जुळला, आणि तो चुकीचा असेल असं तिला क्षणभरही वाटलं नाही.

इतक्यात घराकडून तान्ह्या बाळाचा रडण्याचा आवाज आला. सून चुळबुळू लागली. "काकू," ती म्हणाली, "माझं लेकरू रडतंय. जरा बसाल का हितं? बकरी येऊ देऊ नका. आन टोपली धारेतनं हलवू नका, बरं का."

"जा तू, मी बसते," काकू म्हणाली.

सून गेली. हलवू नका म्हणाली! म्हणजे जे काय करायचं आहे ते या पाण्यातूनच चाललंय, शेंदराच्या दगडावरून येणारं पाणी मुद्दाम या चकत्यांत मुरवताहेत. माझ्या पोरीवर करणी करताहेत. काकूने इकडेतिकडे बघितलं, दोन्ही हातांनी टोपली उचलली आणि काठावरच्या कोरड्या खडकाआड नेऊन ठेवली. वर आपल्या पदराने झाकलीसुद्धा. आपण लेकीला केवढ्या संकटातून वाचवतो आहोत, या विचाराने तिला अगदी भरून आलं.

बाळ काही लवकर निजलं नाही. ऊन चांगलंच वर आलं तेव्हा वाटेवर बांगड्यांचा आवाज झाला, तशी काकूने टोपली उचलून पुन्हा धारेत ठेवली. सुनेने येऊन तिचे आभार मानले. काकूही गोड हसली.

दुपारी अंगणात पंगत बसली. पळसाच्या पानांवर नाचणीची भाकरी, उडदाचं घुटं, कोवळ्या बांबूची भाजी, लसणाची चटणी वाढली होती. प्रत्येकाच्या पानाशेजारी एकेक द्रोण होता, आणि द्रोणात होती त्या कंदांची खीर, भरपूर मध घातलेली. वास असा सुटला होता की काकाने दोनदा आवंढा गिळला.

सगळं वाढून झालं. आणि मग विहीणबाई पंगतीच्या मधोमध येऊन बसली, तिने खिरीचा एक द्रोण उचलला आणि सगळ्यांच्या देखत, पाहुण्यांच्या आधी, स्वतः मोठा घास घेतला!

काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. "घरधनीण आधी जेवली!" ती काकाच्या कानाशी लागली. "आपण काय उष्ट्याखरकट्यावर आलोय?"

"थांब जरा," काका म्हणाला.

विहीणबाईने द्रोण खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि ती शांत बसली. बायकांनी गाणं सुरू केलं. वाडीतल्या एकेका झाडाचं नाव घेत जाणारं ते गाणं होतं, आणि वाडीत झाडांना काही तोटा नव्हता. गाणं चालू असताना कुणीही पानाला हात लावत नव्हतं. भुकेल्या माणसापुढे अन्न ठेवून त्याला झाडं ऐकवायची, हा कुठला पाहुणचार, असं काकूला वाटलं. ती पानावरून उठायला निघालीच होती.

लेकीला मात्र राहवलं नाही. पहाटेपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिने हळूच द्रोण उचलून ओठांशी नेला.

तोच विहीणबाई झडप घालून पुढे आली आणि तिने लेकीच्या हातावर फटका मारला. द्रोण उडून अंगणात पडला.

"माझ्या पोरीला मारता?" काकू कडाडली. "आमच्यासमोर? आणि लग्नानंतर काय कराल?"

विहीणबाईने एका हाताने गळा धरला होता आणि दुसरा हात वर केला होता. गाणं थांबलं. "कुनी... हात लावू नका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, आणि तिथेच कोसळली.

मग एकच धावपळ उडाली. कुणी मिठाचं पाणी पाजलं, कुणी ताक आणलं. विहीणबाईला उलट्यांवर उलट्या होऊ लागल्या. तिच्या ओठांना सूज आली आणि कपाळ घामाने भिजलं. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने खिरीचा थेंब जिभेवर टेकवला आणि थुंकून टाकला. "कंद निवला न्हाई," तो म्हणाला. "इख हाय ह्यात. मधामुळं तोंडाला लागलं न्हाई."

"कडू कंद असाच असतो," तो काकाला सांगू लागला. "राखेत उकडायचा, मग पार दुपारपातूर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तवा त्यातलं इख निघून जातं. मग त्याच्यासारखं गोड काय न्हाई. पर मधीच पाण्याभायेर काढला, तर हे असं. म्हनून तर घरची आई आधी खाती. गाणं संपंपातूर तिला काय झालं न्हाई, तर मग पाव्हनं जेवत्यात."

काकू लेकीकडे बघत राहिली. लेकीच्या ओठाला खिरीचा एक थेंब लागला होता आणि ती पदराने तो पुसत होती. तो फटका बसला नसता तर आता विहीणबाईशेजारी अंगणात कोण पडलं असतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"टोपलीवर कोण होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

सगळ्यांनी थोरल्या सुनेकडे पाहिलं. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. तिने एकदा काकूकडे नजर टाकली आणि लगेच खाली बघितलं. पाहुण्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिची शिकवण असावी. "मीच व्हते," ती म्हणाली.

"मग तुझ्या हातनं जे झालं ते झालं. उद्या सकाळी तुला माहेरी पोचवतो. ज्या बाईनं कंद बिघडवला, तिला वाडीत चुलीला हात लावता येत न्हाई."

सुनेने बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती मुकाट रडू लागली.

काकूला आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. तिला कुणीही काही विचारलं नव्हतं. बोलली तर लग्न मोडणार, लेकीचं तोंड कायमचं उतरणार आणि दोन्ही गावांत छी-थू होणार. गप्प राहिली तर फक्त एक परकी पोर बाळासह डोंगर उतरून जाणार होती. काकूने जन्मभर दुसऱ्यांच्या पोटात शिरून बघितलं होतं. आज तिला स्वतःच्या आत बघावं लागलं, आणि तिथे जे दिसलं त्याची तिला शिसारी आली.

"तिला पाठवू नका," काकू म्हणाली. "टोपली मी काढली."

"अगं, गप्प बस!" काका घाबरून म्हणाला.

"नाही बसत. ती माझ्यावर विश्वास टाकून गेली होती. तिने सांगितलं होतं हलवू नका. मीच टोपली काठावर नेऊन ठेवली. मला वाटलं, तुम्ही माझ्या पोरीवर करणी करताय."

लेक आईकडे अशी बघत होती, की काकूला वाटलं, याहून कुणी दगड मारला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी पाहुणे परत गेले नाहीत, कारण आजारी माणूस टाकून पंगत मोडत नाहीत, अशी वाडीची रीत होती. लग्नाचं काय ते विहीणबाई उठली की तीच ठरवील, असं म्हातारा म्हणाला. पण काकूने चुलीकडे पाऊल टाकलं की बायका वाटेत उभ्या राहत. तिने पाण्याचा तांब्या भरला, तर एकीने तो तिच्या डोळ्यांदेखत ओतून टाकला आणि पुन्हा भरला. कुणी एक शब्द वाकडा बोललं नाही. सगळ्या फक्त बघत होत्या. ते बघणं काकूला चांगलं ओळखीचं होतं, कारण ते तिचं स्वतःचंच होतं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई उठून बसली. तिने काकूला जवळ बोलावलं.

"विहीणबाई," ती म्हणाली, "राख दिसली, तवा मला का न्हाई इचारलं?"

काकूने खूप आठवून बघितलं. "तुम्ही खोटं सांगाल असं वाटलं," ती म्हणाली, आणि हे बोलताना तिला रडू फुटलं.

"तुमच्या घरी आमी आलो, तवा तुमी काहीच चाखलं न्हाई. आमची माणसं घाबरली. आमच्यात न चाखता वाढतात ते दुश्मनाला. मला वाटलं, मी घास घेते, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोराचं लगीन मोडायला नको."

काकू थक्क झाली. "अहो, आमच्यात रांधणारीने आधी खाणं म्हणजे पाहुण्याचा अपमान! म्हणून मी उपाशी राहिले."

"मग हे तुमीबी सांगितलं न्हाई आन मीबी इचारलं न्हाई," विहीणबाई म्हणाली आणि सुजलेल्या ओठांनी थोडी हसली. "चुकलं दोघींचं. तुमचं जास्त."

"तर लग्न..." काकू म्हणाली.

"पंगत अर्धी राहिली, मोडली न्हाई. कंद पुन्ना उकडायला सांगते. टोपलीवर तुमी बसा."

घरातल्या बायकांनी एकदम कालवा केला. थोरल्या सुनेच्या तर तोंडचं पाणी पळालं. पण विहीणबाई ऐकेना. "डोळ्यांत तेल घालून बघणारं असं माणूस वाडीत दुसरं न्हाई," ती म्हणाली. "आता ते नीट जागी बघू दे."

तिसऱ्या दिवशी काकू पहाटे ओढ्यावर जाऊन बसली ती दुपारपर्यंत हलली नाही. बकरी आली तर तिने हाकलली, पाला अडकला तर काढला. आणि जन्मात पहिल्यांदा तिने प्रश्न विचारले. राख कुठल्या लाकडाची? चकती किती पातळ? शेंदराचा दगड कशाला? सून आधी तुटक बोलत होती, मग सांगू लागली. तो दगड ओढ्याच्या देवीचा होता, आणि तिच्याकडे एकच मागणं असायचं, की धार आटू देऊ नकोस.

दुपारी पंगत पुन्हा बसली. खिरीचे द्रोण पुन्हा मांडले. विहीणबाई अजून अशक्त होती, तरी रीतीप्रमाणे मधोमध येऊन बसायला निघाली. काकूने तिचा हात धरला.

"टोपलीवर मी होते," ती म्हणाली. "घास मी घेणार."

आणि पाहुण्यांच्या आधी कधी मिठाचं बोट न चाटलेल्या त्या काकूने सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या आधी, खिरीचा मोठा घास घेतला. द्रोण खाली ठेवून तिने हात मांडीवर घेतले. सगळी पंगत तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, सून, म्हातारा, काका आणि तिची स्वतःची लेकसुद्धा.

बायकांनी गाणं सुरू केलं. एरवी भूक लागली की त्या दोन-चार झाडं गाळायच्या. त्या दिवशी त्यांनी एकही गाळलं नाही. आंबा झाला, फणस झाला, हिरडा, बेहडा, करवंदीच्या जाळ्यासुद्धा झाल्या. काकू घामाघूम होऊन बसून राहिली आणि एकेक झाड ऐकत राहिली. कुणी घाई करा असं म्हणण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे तिला पुरतं समजलं होतं.

शेवटी झाडं संपली. काकू ठीक होती. सगळ्यांत आधी विहीणबाईने हात पुढे केला आणि म्हणाली, "वाढा मला."

ते लग्न झालं, आणि दोन्ही गावच्या रीतींनी झालं. ज्याला जी रीत समजली नाही, त्याने ती विचारून घेतली.

तर मुलांनो, तात्पर्य ध्यानात ठेवायचं ते असं: दुसऱ्याच्या घरची रीत वेगळी दिसली, तर मनात शंका धरण्याआधी तोंडाने विचारावं. विचारायला एक वाक्य पुरतं, पण गेलेला विश्वास परत मिळवायला सगळं गाणं बसून ऐकावं लागतं.